नऊशें वर्षांची वही, पंधरा वर्षांची तबकडी

इंग्लंडच्या विल्यम राजानें १०८६ सालीं गांवोगांवच्या जमिनी, नांगर व गिरण्या यांची मोजणी करविली. चर्मपत्रावरील ती ‘डूम्सडे’ वही लॅटिन जाणणारास आजहि वाचतां येते.

तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी.बी.सी.नें नवी ‘डूम्सडे’ सिद्ध केली. ती मात्र लेझर-किरणांनीं वाचावयाच्या तबकड्यांवर. दहा लाखांहून अधिक लोकांनीं तींत हातभार लावला. त्यांत शाळकरी मुलें पुष्कळ. आम्हांस तर राजाच्या मोजणीहून हीच अधिक मोलाची वाटते. राजाची नजर करावर होती. मुलांना आपला गांव सांगावयाचा होता.

परंतु ती वाचणारें यंत्र महाग, म्हणून खपलें थोडें, आणि पुढें त्याची निर्मितीहि थांबली. पंधरा-सोळा वर्षांतच तबकड्या शाबूत असून मुक्या झाल्या. घरांत मोडी दप्तरें असावींत आणि मोडी वाचणारा न उरावा, तशांतलाच हा प्रकार!

तोड निघाली ती मोठी चतुराईची. २००२ सालीं लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं जुन्या संगणकाचें सोंग हुबेहूब वठविणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालविली, आणि मजकूर पुन्हा दिसूं लागला. २०११ सालीं बी.बी.सी.नें गांवोगांवच्या हकीकती इंटरनेटवर सर्वांस खुल्या केल्या. तें संकेतस्थळहि २०१८ सालीं बंद झालें. पण विल्यमची वही सांभाळणाऱ्या राष्ट्रीय दप्तरखान्यानेंच त्याची प्रत घेऊन ठेवली होती. मूळ यंत्राचा एक संच ब्लेचली येथील संगणक-संग्रहालयानें चालत्या स्थितींत जपला आहे.