अंगावर खरंच कोळी चिरडला का?

पावसाळ्यात एखाद्या सकाळी मानेवर चटका बसल्यासारखा लाल पट्टा उठतो, आग होते, मग बारीक फोड येतात. घरात निदान तयारच असतं: झोपेत अंगावर कोळी चिरडला. मग सगळ्यांच्या नजरा छताच्या कोपऱ्याकडे वळतात आणि झाडू निघतो.

तो कोळी बहुतेक वेळा निर्दोष असतो. पेडेरस नावाचा एक भुंगेरा पावसाळ्यात दिव्याकडे ओढला जातो. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, अंग नारिंगी-काळं, पटकन पाहिलं तर मुंगीच वाटावी असा. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण त्याच्या अंगातल्या द्रवात पेडेरिन हे दाहक द्रव्य असतं. मानेवर काही वळवळलं म्हणून हात फिरवावा, तो चिरडावा आणि हात गेला त्या रेषेत कातडी पोळावी, असा हा प्रकार. परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात. तोवर भुंगेरा कुणाला आठवतही नाही, कोपऱ्यातला कोळी मात्र समोर दिसत असतो. अंगावर असा किडा बसलाच तर तो फुंकरीने उडवावा आणि ती जागा साबण-पाण्याने धुवावी.

दुसरी गफलत अधिक महागात पडते. छातीच्या किंवा पाठीच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठला आणि त्याआधीपासून तिथे ठणका असला, तर ती नागीण असू शकते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून राहतो आणि उतारवयात डोकं वर काढतो. त्यावरची औषधं पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी ठरतात. कोळ्याला दोष देत लेप लावण्यात नेमके हेच तीन दिवस निघून जातात.

मग घरातला कोळी करतो तरी काय? छताखाली उलटा लटकणारा, धाग्यासारख्या लांब पायांचा, जाळ्याला हात लावताच जोरजोरात थरथरणारा कोळी म्हणजे बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी. त्याची मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून हिंडते. थायलंडमध्ये 1990च्या दशकात याच कोळ्याचा खास अभ्यास झाला, कारण घरात डेंगी पसरवणारा एडिस डास त्याच्या जाळ्यात सापडतो आणि त्याचं भक्ष्य होतो. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी पाहून माणसं किंचाळतात, पण तो भक्ष्यासाठी जाळं विणतच नाही. रात्री फिरून तो झुरळं पकडतो. खिडकीच्या चौकटीवर टुणकन उडी मारणारे छोटे कोळी तर दिवसा, डोळ्यांनी नेम धरून शिकार करतात. त्यांच्याच कुळातल्या, ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला संशोधकांनी 2021 मध्ये ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं. 26/11च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडून देताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांची ती आठवण आहे.

कोळ्यांना विष असतं, हे खरं. पण घरात नेहमी दिसणारे कोळी माणसापासून पळतात. मोठा कोळी हातात दाबला गेला तर चावतो, दुखतं आणि सहसा आपोआप शमतं. चाव्यानंतर घाम, पेटके किंवा वाढती सूज आली, तर मात्र दवाखाना गाठावा.

तरीही कोळी नको असतील तर फवारणीवर विसंबू नये. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, त्यामुळे फरशीवर वाळलेल्या औषधाशी त्याचा संबंध फार थोडा येतो. जाळ्यात लटकलेल्याचा तर येतच नाही. जळमटं काढायला काठीला बांधलेला झाडूच बरा, आणि दसऱ्याची वाट न बघता दर पंधरवड्याला. जाळ्याबरोबर अंड्यांचे कोषही निघाले पाहिजेत. भिंतीवरच्या मोठ्या कोळ्यावर पेला उपडा ठेवावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला बाहेर झाडाशी सोडावं.

एवढं करूनही आठवड्यात त्याच कोपऱ्यात जाळं दिसलं, तर त्या कोळ्याला तिथे खाणं मिळतंय. अशा वेळी खिडकीची फाटकी जाळी, दाराखालची फट, रात्रभर जळणारा व्हरांड्यातला पांढरा दिवा आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी आधी बघावं.