मालकंसातली कोयल



चैत्र लागला की बदलापूर-अंबरनाथकडे आंब्या-जांभळांवर कोकीळ बोलू लागतो. उल्हासनगरच्या दाट वस्तीतही तो ऐकू येतो. कारण सोपे आहे. कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळा काही माणसांची वस्ती सोडत नाही. ‘कुहू’ करतो तो काळा नर, बरं का. ठिपक्यांची मादी नुसती ‘किक्-किक्’ करते.

कोकीळ पंचमात गातो, असे आपण मुलांना सांगतो. हे वचन जुने आहे. ‘नारदीय शिक्षा’ या ग्रंथात सात स्वरांना सात पशुपक्षी नेमून दिले आहेत; त्यांत पंचम कोकिळाच्या वाट्याला आला. पण पंचम म्हणजे षड्जापासूनचा पाचवा स्वर. षड्ज ठरल्यावाचून पंचम कुठला? पक्ष्यामागे तंबोरा थोडाच लागलेला असतो! शिवाय कोकीळ एका स्वरावर थांबतही नाही. त्याची हाक चढत चढत जाते आणि टोकाला पोचून एकदम बंद होते.

आता मौज पाहा. ‘कोयलिया बोले’ ही चीज गाण्याच्या वर्गात पुष्कळ मुले शिकतात. आंब्याच्या डहाळीवरून कोयल वसंताची वर्दी देते, असा तिचा अर्थ. राग मालकंस. आणि मालकंसात ऋषभ व पंचम मुळीच नाहीत! तंबोऱ्याची पंचमाची तारसुद्धा मध्यमात मिळवतात.

मग ही चूक म्हणायची का? नाही. बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराची सहावी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तीत नाइटिंगेल, लावा आणि युरोपातला कोकीळ यांचे आवाज बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट या वाद्यांतून काढले आहेत. आपल्या चिजेची रीत निराळी. पक्ष्याचे बोलणे ऐकून मनात जे हलते, ते ती रागाच्या स्वरांत सांगते. गवई ‘बोले’ हा शब्द दहा तऱ्हांनी म्हणेल, पण कुहू-कुहू करीत बसणार नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, एवढे करून पाहा. सकाळी मुलांना झाडाखाली बसवा. पहिल्या हाकेचा स्वर पेटीवर शोधा, मग शेवटच्या हाकेचा. मधल्या हाका मोजा आणि फळ्यावर मांडा. त्यानंतर ही चीज म्हणवून घ्या. परीक्षेपुरता पंचम पाठ करणारे मूल पक्षी ऐकायचेच विसरते. गाणे यायला कान लागतो, आणि तो असाच तयार होतो.