व्हिसा-अर्ज : नाव, गाव आणि जन्मतारीख

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बहुतेक देशांत पारपत्राविना प्रवास करता येत असे. युद्धकाळातील निर्बंध पुढे कायम राहिले आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत पारपत्राचा सामायिक नमुना ठरला. व्हिसा ही त्या पारपत्राधारे मिळणारी प्रवेशाची पूर्वपरवानगी होय. पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, नोकरी व संक्रमण हे तिचे मुख्य वर्ग. मुलांकडे अमेरिकेस जाणारे आईवडील 'बी-२' वर्गात मोडतात आणि त्यांना 'डीएस-१६०' हा अर्ज संगणकावर भरावा लागतो.

या अर्जाचा कठीण भाग प्रवासाच्या तपशिलाचा नव्हे, नावाचा आहे. मराठी माणसाचे नाव त्रिपदी. भारतीय पारपत्रात मधल्या नावास स्वतंत्र रकाना नाही. वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडूनच छापलेले असते. अर्जात ते तसेच उतरवावे. विवाहापूर्वीचे नाव वेगळे असल्यास 'अन्य नावे' या प्रश्नाला 'होय' म्हणून ते लिहावे. पारपत्रात आडनावाची जागा रिकामी असल्यास नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि नावाच्या रकान्यात 'एफएनयू' ही तीन रोमन अक्षरे येतात. संपूर्ण अर्ज इंग्रजीत भरायचा असला, तरी पूर्ण नाव मातृलिपीत लिहिण्याचा एक रकाना त्यात आहे. देवनागरीला तेथे मान आहे, हे नमूद केलेच पाहिजे.

गावाच्या नावाचीही कसोटी लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल आहे, तसेच वरवट खंडेरावही आहे. म्हणून नुसते 'वरवट' पुरत नाही. 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', बुलढाण्यात 'एच' घालायचा की नाही, याबाबत सरकारी कागदांतही एकवाक्यता नाही. शाळेचा दाखला, आधार आणि सातबारा काहीही म्हणोत, व्हिसापुरते पारपत्रातील अक्षरच प्रमाण. खुद्द पारपत्रातच चूक असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे.

जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीने लिहिलेली. पारपत्रात तीच असेल, तर अर्जात तीच द्यावी; घरच्या पंचांगातील खरी तिथी तेथे उपयोगाची नाही.

अनवधानाची चूक आणि हेतुपुरस्सर असत्य यांत कायदा भेद करतो. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असल्यास ते सांगावे. तसा नकार पुढील अर्जाला आपोआप बाधक ठरत नाही. महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगणाऱ्यास मात्र अमेरिकी कायद्यान्वये कायमची प्रवेशबंदी होऊ शकते.

वीस मिनिटे हालचाल न झाल्यास अर्ज बंद पडतो. म्हणून अर्जक्रमांक आरंभीच टिपून ठेवावा. अर्ज दुसऱ्याने, म्हणजे भाच्याने वा कॉम्प्युटरवाल्याने, भरून दिला असल्यास तसे विचारले जाते आणि त्याचे नाव द्यावे लागते. शेवटची संगणकीय स्वाक्षरी मात्र अर्जदाराने स्वतःच करायची असते. सोळा वर्षांखालील मुले व शारीरिकदृष्ट्या असमर्थ व्यक्ती यांनाच त्यातून सूट आहे.