श्वानाचा कोरडा आहार : डोळस निवड

झाशीच्या छावणी भागातील सदर बाजार असो वा पुण्यातील एखादी पेठ, कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याच्या रंगीत पिशव्या आता सर्वत्र दिसतात. एका पिढीपूर्वी घरातील कुत्रा पोळी-दुधावर वाढत असे. या आहारात पुरेशी प्रथिने व खनिजे मिळत नाहीत, म्हणून तयार खाद्य सोयीचे ठरते. मात्र पिशवीच्या दर्शनी चित्रापेक्षा तिच्या मागील बाजूस छापलेला मजकूर अधिक महत्त्वाचा असतो.

प्रथम काय पाहावे?

‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे संपूर्ण व संतुलित आहार, असा उल्लेख आहे का आणि तो कोणत्या वयासाठी आहे, हे प्रथम पाहावे. हा उल्लेख नसलेले खाद्य केवळ खाऊ म्हणून द्यावे. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या निकषांनुसार, पाण्याचा अंश वगळता, प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिने व ५.५ टक्के स्निग्धांश असावेत. वाढत्या पिल्लासाठी हेच प्रमाण २२.५ व ८.५ टक्के आहे.

घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ताज्या कोंबडीच्या मांसात बहुतांश पाणीच असल्याने, यादीत पहिले आलेले मांस शिजून वाळल्यावर धान्यापेक्षा कमी भरू शकते. म्हणून पहिले चार-पाच घटक एकत्रितपणे वाचावेत.

पिल्लांच्या बाबतीत दक्षता

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना त्यांच्यासाठीच तयार केलेले खाद्य द्यावे. त्यात कॅल्शियमचे प्रमाण मर्यादित असते. अशा संतुलित खाद्यासोबत हौसेने कॅल्शियमचे टॉनिक पाजल्यास हाडे बळकट होण्याऐवजी त्यांची वाढ सदोष होण्याचा धोका असतो. पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून असे पूरक औषध देऊ नये.

किंमत कशी मोजावी?

किलोचा भाव फसवा असू शकतो. दररोजचा खर्च काढणे श्रेयस्कर. तीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला साधारण १,४४० किलोकॅलरी लागतात असे धरू. उदाहरणादाखल, २०० रुपये किलोच्या खाद्यात १०० ग्रॅममागे ३२० किलोकॅलरी असल्यास रोज ४५० ग्रॅम, म्हणजे ९० रुपयांचे खाद्य लागेल. २४० रुपये किलोच्या खाद्यात ४०० किलोकॅलरी असल्यास ३६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८६ रुपये पुरतील. भाव अधिक असलेली पिशवी येथे स्वस्त ठरते.

मोजून वाढणे

उत्तम खाद्यही अंदाजाने वाढल्यास अपायकारक ठरते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतील एका कुत्र्यास दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिले गेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर अधिक खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. जवळपास दोन वर्षांची ही सोबत केवळ मोजमापाने लाभली! म्हणून पिशवीवरील तक्ता प्रारंभापुरता मानावा, खाद्य वजनकाट्यावर मोजावे आणि बरगड्या हाताला सहज लागतील इतपतच कुत्र्याचे वजन राखावे.

साठवण

झाशीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उष्णतेने व हवेच्या संपर्काने खाद्यातील स्निग्धांश खवट होतात, तर पावसाळ्यातील दमटपणाने बुरशी धरते. त्यामुळे मोठी गोणी फोडून विकलेले सुटे खाद्य टाळावे, उत्पादनाची व मुदतीची तारीख तपासावी आणि चार-सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्यावी. खाद्य मूळ पिशवीतच, घट्ट झाकणाच्या डब्यात व थंड जागी ठेवावे.

खाद्य बदलताना सात दिवसांत जुन्याचे प्रमाण घटवीत नव्याचे वाढवावे. शेजारी स्वच्छ पाणी सदैव असावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट कुत्र्यांना विषारी असल्याने खाद्यात कधीही मिसळू नयेत.

ठेवीच्या अटी वाचूनच आपण स्वाक्षरी करतो. आपल्या भरवशावर जगणाऱ्या या मुक्या सोबत्यासाठी पिशवीची मागील बाजू वाचण्याचे दोन मिनिटांचे कष्ट आपण अवश्य घ्यावेत.