ओझोन सावरतोय, पण मोजमापाची साक्ष कोणाची?

१६ सप्टेंबरचा ओझोन दिन आला की ‘थर सावरतोय’ ही बातमी येतेच. अंटार्क्टिकावरचा थर २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीवर परतेल, हा अंदाजही आता पाठ झाला आहे. ही पातळी मोजणारी यंत्रं कोण तपासतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ओझोन नष्ट करणाऱ्या क्लोरिनचा फटका ४० किलोमीटरच्या आसपास ठळकपणे दिसेल, असं गणित सांगत होतं. पण हवामानशास्त्रज्ञ अॅना मणींच्या देखरेखीखाली पुण्याच्या वेधशाळेत तयार झालेली ओझोनसोंड ही ओझोन मोजणारी यंत्रं ज्या फुग्यांबरोबर वर जातात, ते साधारण ३५ किलोमीटरच्या आतच फुटतात. त्यापुढे थेट मोजायचं तर रॉकेटच हवं. १० ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड टाऊसी यांच्या गटाने जर्मनांकडून जप्त केलेल्या व्ही-२ रॉकेटच्या शेपटाकडच्या पंखात वर्णपटलेखक बसवला. न्यू मेक्सिकोतून उडालेलं रॉकेट ओझोनच्या वर जाऊ लागलं, तसतसे जमिनीवर कधीच न पोहोचणारे अतिनील किरण फिल्मवर उमटत गेले.

अमेरिकी शास्त्रज्ञ आर्लिन क्रूगर यांनी पुढे ही युक्ती छोट्या, स्वस्त रॉकेटवर आणली. वर सोडलेलं यंत्र पॅराशूटने उतरतं आणि अतिनील फिल्टरांमधून सूर्याकडे पाहत राहतं. दोन उंचींमध्ये प्रकाश जितका घटला, त्यावरून मधल्या थरातला ओझोन कळतो. फक्त घट मोजायची असल्याने यंत्राला काही मिनिटं स्थिर राहिलं तरी पुरतं. उपग्रहाला मात्र वर्षानुवर्षं स्थिर राहावं लागतं.

ते किती अवघड आहे, हे १९७८ साली सोडलेल्या निंबस-७ ने दाखवलं. सूर्यप्रकाश मोजण्यासाठी त्यावर बसवलेली तबकडी अतिनील माऱ्याने काळवंडत गेली आणि आकड्यांत ओझोन भराभर घटू लागला. घट खरी होती, पण उपग्रहाने ती फुगवली होती, असा निर्वाळा तज्ज्ञांच्या गटाने १९८८ मध्ये दिला. याच उपग्रहावरच्या टॉम्स या ओझोनमापकाचे प्रमुखही क्रूगरच होते!

यंत्रांची अशी पडताळणी आपल्याकडेही झाली आहे: १९८३ मध्ये केरळातल्या थुंबा इथल्या रॉकेट तळावर भारतीय आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपापल्या रॉकेट-यंत्रांची तुलना करून पाहिली होती. आज मुख्य भिस्त उपग्रहांवर आहे आणि त्यातला २००४चा ऑरा आता थकला आहे. आपल्याकडे थुंब्याचा तळ आहे, ७० किलोमीटर गाठणारं आरएच-२०० हे छोटं रॉकेट आहे. दरवर्षी त्यातली दोन-चार उड्डाणं उपग्रहांचे ओझोनचे आकडे पडताळण्यासाठी राखून ठेवावीत. शुभवार्तेचीही उलटतपासणी व्हायलाच हवी.