लाजेपासून अभिमानापर्यंत

वारशाचा अभिमान शिकवणारे बालसाहित्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तलवारी आणि पराक्रमी पूर्वज येतात. तिथे अभिमान आयता मिळतो. अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या बालकथांत मात्र गोष्ट बहुधा सुरू होते ती लाजेपासून. ही लाज कुठून येते आणि कशाने जाते, हे दोन पुस्तकांवरून पाहू.

यांगसुक चोई यांच्या ‘द नेम जार’ (२००१) या चित्रकथेतली उन्हेई कोरियातून अमेरिकेत येते. शाळेच्या बसमध्ये मुले तिच्या नावाची चेष्टा करतात. वर्गात ती सांगते, मी अजून नाव ठरवलेले नाही. मुले एका बरणीत नावांच्या चिठ्ठ्या टाकू लागतात. तिच्याजवळ आजीने दिलेला, तिचे नाव कोरलेला लाकडी शिक्का असतो. शेवटी ती स्वतःचेच नाव निवडते आणि वर्ग ते उच्चारायला शिकतो. नाव बदलत नाही, ऐकणाऱ्यांचे कान बदलतात.

जीन लुएन यांग यांची चित्रकादंबरी ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ (२००६) किशोरांसाठी आहे आणि अधिक कठोर आहे. नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोहोचलेली ही पहिली चित्रकादंबरी. तिच्यातला जिन वांग गोऱ्या मुलांसारखे दिसण्यासाठी धडपडतो, जिवलग मित्राला दुखावतो आणि एके दिवशी गोरा ‘डॅनी’ होऊनच जागा होतो. समांतर चालते वानरराजाची कथा. पायांत जोडे नाहीत आणि तो वानर आहे, म्हणून देवांच्या मेजवानीतून त्याला हाकलले जाते. परतल्यावर तो सगळ्या वानरांना जोडे घालायला लावतो. म्हणजे अपमान झालेलाच अपमान करणाऱ्याचा नियम आपल्या घरात लागू करतो. पुढे पाचशे वर्षे तो डोंगराखाली अडकतो. सुटतो तो स्वतःच्या मूळ रूपात परतल्यावरच.

हा वानरराजा ‘पश्चिमेची यात्रा’ या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला. तिच्यातल्या भिक्षूमागे उभा आहे तो ह्युएन त्संग, ज्याने पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचे वर्णन लिहून ठेवले.

दोन्ही पुस्तकांत पूर्वज थोर होते म्हणून मूल ताठ उभे राहत नाही. स्वतःला लपवण्याची गरज संपते, म्हणून उभे राहते. पूर्वजांच्या थोरवीवर उभा अभिमान दुसऱ्याला कमी लेखायला फार वेळ लावत नाही. लाज ओलांडून आलेल्याला चेष्टेची चव ठाऊक असते.

अहिराणी वा मालवणी बोलीत उत्तर दिल्यावर ज्याच्यावर वर्ग हसतो, आडनाव सांगताना ज्याचा आवाज खाली जातो, त्या मराठी मुलाला केवळ गडकोटांच्या गोष्टी पुरणार नाहीत. त्याला हवी आहे त्याचे जोडे काढून ठेवणारी गोष्ट.