कल्चरच्या रिपोर्टला दोन दिवस का लागतात?

लघवीत जंतू दिसले म्हणजे ते कोणते हे कळले असे होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ई. कोलाय, क्लेबसिएला आणि टायफॉइडचा साल्मोनेला हे तिन्ही गुलाबी दंडगोलच दिसतात. नाव ठरते ते जंतू काय पचवतो आणि त्यातून काय तयार करतो यावरून. त्यासाठी जंतू आधी वाढवावा लागतो.

नमुन्याचा ठरावीक सूक्ष्म थेंब मॅक्कॉन्की अगारच्या प्लेटवर पसरून ती ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात. या माध्यमात लॅक्टोज आणि आम्लात रंग बदलणारे द्रव्य असते. ई. कोलाय लॅक्टोज आंबवतो, म्हणून त्याच्या वसाहती गुलाबी आणि कोरड्या दिसतात. क्लेबसिएलाच्याही गुलाबीच, पण चिकट, बुळबुळीत. साल्मोनेला मात्र रंगहीन राहतो. प्लेटवर तीन-चार प्रकारच्या वसाहती उगवल्या तर नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळल्याचा संशय येतो आणि नमुना पुन्हा मागवतात. नमुना देण्याआधी अँटिबायोटिक घेतले असेल तर प्लेट कोरीही राहू शकते. रुग्णाला हे आधी सांगायलाच हवे.

वसाहतीवर ग्राम रंजन करतात. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आजही पहिली पायरी आहे. जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन, असा क्रम असतो. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, तर पातळ भित्तिकेचे तो सोडून गुलाबी होतात. खरे कसब अल्कोहोलच्या पायरीत आहे. ते काही सेकंद जास्त राहिले तर जांभळा जंतूही गुलाबी दिसतो आणि पुढची सगळी वाट चुकते.

जांभळे गोल जंतू निघाले तर त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, न आले तर बहुधा स्ट्रेप्टोकॉकस. गुलाबी दंडगोलांसाठी आधी ऑक्सिडेज चाचणी होते. कागद काही सेकंदांत जांभळा झाला तर स्युडोमोनास धरून पुढे जातात. ई. कोलायमध्ये तो होत नाही. मग रात्रभर वाढवलेल्या द्रवात कोव्हॅक्सचे द्रावण घालतात. ई. कोलाय असेल तर वर लाल कडे उमटते, म्हणजे त्याने ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवले. पण क्लेबसिएला ऑक्सिटोकाही इंडोल बनवतो, म्हणून सोबत सायट्रेटची हिरवी नळी लागते. क्लेबसिएला ती निळी करतो, ई. कोलायमध्ये ती हिरवीच राहते. एकट्या चाचणीवर नाव देणे धोक्याचे ते यासाठी.

मोठ्या प्रयोगशाळांत आता मॅल्डी-टॉफ हे यंत्र जंतूच्या प्रथिनांच्या वस्तुमानावरून काही मिनिटांत नाव देते. वसाहत मात्र त्यालाही सहसा आधी वाढवावीच लागते. शिवाय शिगेला आणि ई. कोलाय इतके जवळचे आहेत की हे यंत्र त्यांत खात्रीने फरक करू शकत नाही. तिथे पुन्हा लॅक्टोज, जंतूची हालचाल आणि प्रतिद्रव्यांची चाचणी हाच आधार असतो.